आत्याचा डबा

आमची आत्या दौंडला असते. लहानपणी मोठा ताप आला आणि तिचे दोन्ही कान गेले. तिच्याशी बोलायचं म्हणजे हातवारे, ओठ सावकाश हलवणं आणि फारच अडलं तर कागद-पेन. आता मोबाइल.

मी दर डिसेंबरात शिरूरहून पुण्याला सवाई गंधर्व महोत्सवाला जातो. रमणबागेत भरायचा तेव्हापासून. 2018 पासून तो मुकुंदनगरला असतो. घरातल्या सगळ्यांना कधी ना कधी घेऊन गेलो. आत्याला मात्र विचारलंसुद्धा नाही. "तिला काय ऐकू येणार?" हे वाक्य मी तिच्यासमोरच दोन-तीनदा बोललो असेन. ती ओठ वाचते, हे तेव्हा सोयीस्करपणे विसरलो होतो.

यंदा तुकोबांच्या पालखीला आम्ही सगळे यवतला जमलो. आम्ही शिरूरहून न्हावरा-चौफुला करत, आत्या दौंडहून. यवतला पालखीचा मुक्काम, गावाची पिठलं-भाकरी... ते वेगळं सांगायला नको. आत्याने वारकऱ्यांसाठी डबाभर लाडू आणले होते. ते वाटून झाले तरी रिकामा डबा झाकण लावून पोटाशी धरून ती रस्त्याच्या अगदी कडेला उभी. मला वाटलं, हरवेल म्हणून जपतेय.

मृदंगवाले जवळ आले तसा तिने माझा हात ओढला आणि डब्यावर ठेवला. डबा थरथरत होता! मृदंगाच्या डाव्या पुडीला ओली कणीक लावतात ना, तिचा तो जाड, घुमणारा आवाज पत्र्यातून माझ्या बोटांत येत होता. टाळ काही कळत नव्हते, पण ठेका स्पष्ट होता. आत्याची मान त्यावर बरोबर डोलत होती. किती वर्षं ती हे करतेय, कोण जाणे. आम्ही कुणी विचारलंच नव्हतं.

तेवढ्यात तिने डबा माझ्या हातात दिला आणि ती मागे पळाली. ताईचा मुलगा (नऊ वर्षांचा, स्वमग्न आहे) कान दाबून रस्त्यातच बसला होता. टाळांचा आवाज त्याला सुईसारखा टोचतो. आम्हा ऐकणाऱ्यांपैकी कुणाचंच लक्ष नव्हतं. ज्या बाईला एक अक्षर ऐकू येत नाही तिने ते आधी पाहिलं. त्याला उचललं नाही की ओढलं नाही. शेजारी बसली, मग हळूहळू एका घराच्या ओसरीवर घेऊन गेली. तिथून तो अर्धा तास पताका मोजत बसला. खुशीत.

घरी येताना तेच डोक्यात. आवाज एकच. एकीला त्याच्या जवळ जायचंय, दुसऱ्याला त्याच्यापासून लांब. वारीत हे जमतं, कारण तिथे जागा ठरलेली नसते. मांडवात तसं नाही. तिकिटावर असेल तिथे बसायचं, आणि मध्येच उठलं की लोक वळून बघतात.

एव्हलिन ग्लेनी ही स्कॉटलंडची तालवादक. ऐकू जवळजवळ येत नाही, म्हणून कंप जाणवावेत यासाठी अनवाणी वाजवते. 2012 च्या लंडन ऑलिम्पिकच्या उद्घाटनात तिने वाजवलं होतं. इंग्लंडमधल्या ग्लास्टनबरी महोत्सवात व्हीलचेअरवाल्यांसाठी उंच मचाणं असतात, सांकेतिक भाषेचे दुभाषी असतात. आपल्याकडेही 2016 चा दिव्यांग हक्क कायदा आहे. त्यात 21 प्रकारची दिव्यांगत्वं धरली आहेत, स्वमग्नताही, आणि सांस्कृतिक जीवनातला सहभाग हा हक्क मानला आहे.

पण गावच्या जत्रेतल्या भजनालासुद्धा काही गोष्टी फुकटात करता येतील. स्पीकरजवळची चार माणसांची जागा मागेल त्याला द्यावी. मागे एक शांत कोपरा ठेवावा. आता कोण गाणार, कोणता अभंग, हे फळ्यावर लिहावं. पायऱ्यांवर एक फळी टाकावी. आणि सगळ्यात आधी... विचारावं.

असो. मी परवा आत्याला मोबाइलवर लिहिलं, "डिसेंबरात सवाईला येतेस?" सोबत "चुकलं माझं" असंही लिहिलं. त्यावर ती काही बोलली नाही. बऱ्याच वेळाने एवढंच उत्तर आलं:

"डबा आणू का?"