संत्र्यावरची बुरशी

टोपलीच्या तळाशी राहून गेलेले संत्रे तुम्ही कधी नीट पाहिले आहे का? मला ती सवय आहे. बाजारातून फळे आणली, की मी प्रत्येक फळ हातात घेऊन फिरवून पाहतो आणि मगच टोपलीत ठेवतो.

संत्र्याची साल कुठे खरचटली असेल, तर बुरशीला आत शिरायला वाट मिळते. आधी तेथील साल मऊ आणि ओलसर होते. मग कापसासारखा पांढरा थर दिसू लागतो. थोड्याच दिवसांत त्याच्या मध्यभागी रंग भरतो. रंग हिरवट आणि भोवतीचा पांढरा पट्टा रुंद असेल, तर ती हिरवी बुरशी. रंग निळसर आणि पट्टा अरुंद असेल, तर ती निळी बुरशी. ही रंगीत पूड म्हणजे बुरशीचे बीजाणू. धक्का लागताच ते उडतात आणि दुसऱ्या फळांवर जाऊन बसतात.

पण प्रत्येक पांढरा थर बुरशीचा नसतो. द्राक्षांवरची पांढुरकी झाक हे त्यांचे नैसर्गिक मेण असते. ती बोटाने पुसली, की खाली घट्ट, चकचकीत साल दिसते. अशी द्राक्षे फेकून देऊ नका.

रमजानच्या महिन्यात आमच्या घरी इफ्तारीसाठी फळे येतात. महागाचे फळ टाकताना अम्मी हळहळतात. "एवढा भाग कापून टाक, बाकीचे चांगले आहे," असे त्या म्हणतात. अन्न वाया घालवू नये, हे त्यांचे म्हणणे खरेच आहे. परंतु आपल्याला दिसतो तो वरचा रंग; बुरशीचे बारीक तंतू रसाळ फळात खोलवर गेलेले असतात. सफरचंदावरील एक निळी बुरशी तर पॅट्युलिन नावाचे विष तयार करते. ते उकळूनही पूर्ण नाहीसे होत नाही. म्हणून आता आम्ही फळे थोडी थोडी आणतो आणि रोज पाहतो.

बुरशीचे उपकारही आहेत. १९४३ साली अमेरिकेतील पिओरिया शहरात बुरशी आलेल्या एका खरबुजावर शास्त्रज्ञांना भरपूर पेनिसिलिन देणारी बुरशी सापडली. त्या औषधाने असंख्य जीव वाचले. मात्र ती बुरशी प्रयोगशाळेत पारखलेली होती. आपल्या टोपलीतली बुरशी औषध नव्हे.

तेव्हा फळ खाण्यापूर्वी तुम्हीही ते फिरवून पाहा. चांगले फळ उगाच टाकू नका आणि बुरशीचे फळ कोणाच्याही ताटात वाढू नका.