साखरेचा नकाशा

गेल्या लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी समई पुसता पुसता आई एकदम माझ्यावर कडाडली, "माझ्या करंज्या चोरल्यास तू!" आता पन्नाशी उलटलेल्या गृहस्थावर असला आरोप! मीही तोंडाला येईल ते बोललो. वहिनी मात्र आईच्या कपाळावरचा घाम पाहत होती. तिने आईच्या बोटाला सुई टोचली आणि रक्ताचा थेंब पट्टीवर घेतला. आकडा आला 42. जिथे 70 च्या खाली जाणेही धोक्याचे, तिथे 42! इन्सुलिन टोचून घेऊन आई नैवेद्यापर्यंत उपाशी बसली होती.

साखरपाण्याचे घोट पोटात गेले, आणि पंधरा-वीस मिनिटांत ती विचारू लागली, "समई लावलीत का रे?" करंज्यांचे तिला काही आठवत नव्हते. मला माझे शब्द आठवत होते.

भाऊबीजेला ताईबरोबर भाची आली. ती रसायनशास्त्रात संशोधन करते. तिला मी सारे सांगितले. "मामा, मेंदूचे वजन शरीराच्या 2 टक्के, पण खर्च 20 टक्के," ती म्हणाली, "दिवसाला सुमारे 120 ग्रॅम ग्लुकोज लागते, आणि शिल्लक म्हणाल तर नावापुरती." म्हणजे हातावरचे पोट!

मग तिने एक चित्र दाखवले. कांद्याच्या सालीवर काळी भुकटी दिसते ना, त्या जातीच्या बुरशीत 1928 साली म्युलर या शास्त्रज्ञाला ग्लुकोज ऑक्सिडेज हे एन्झाइम सापडले. 1962 मध्ये क्लार्क आणि लायन्स यांनी ते पडद्यांमध्ये कोंडून साखर मोजण्याची युक्ती सांगितली. आता तेच पातळ पापुद्र्यावर पक्के बसवतात आणि वर मेंदूची चकती ठेवतात. साखर झिरपेल तिथे हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते, दुसरे एन्झाइम त्याच्या साहाय्याने रंग उमटवते, आणि वर कॅमेरा असतोच. एन्झाइम मोकळे सोडले तर पाण्याबरोबर वाहते आणि पावसाचे शिंतोडे पडलेल्या रांगोळीसारखे सगळे फिसकटते.

"यात राग कुठे दिसतो?" मी विचारले.

"मामा, हा उंदराचा मेंदू आहे!"

यंदा वहिनीने नैवेद्याआधीच आईपुढे ताट ठेवले. देवाआधी कसे जेवू म्हणून ती कुरकुरली, माझ्यावर रागावलीही. मी दोन करंज्या तिच्या ताटातून उचलल्या आणि मुकाट्याने भात वाढला.