लि-यान आखा राहिली का?

नालछा, जि. धार

ती. माईस,


लिसा सी यांच्या ‘द टी गर्ल ऑफ हमिंगबर्ड लेन’ (2017) या कादंबरीवरचा तुझा आक्षेप वाचला. युन्नानच्या डोंगरातली आखा मुलगी लि-यान लग्नाआधी झालेली लेक जमातीच्या कायद्याप्रमाणे मारून न टाकता चहाच्या वडीसकट शहरात सोडून येते, पुढे शिकते, व्यापारात शिरते. मग ती आखा उरली कुठे, असं तू विचारतेस. मला वाटतं, ती तिथेच पक्की आखा झाली. आरंभीचं जुळ्यांचं प्रकरण आठव; जमातीच्या कायद्याला जुळीही वर्ज्य. राख आणि भाताचा कोंडा तोंडात घालून त्या तान्ह्यांचा जीव घेतला जातो. तिथे सुईण कोण? लि-यानची आई. तीच पुढे लेकीचं बाळंतपण चोरून करते आणि नातीला जिवंत जाऊ देते. म्हणजे प्रथा जिच्या हातात होती, तिनंच ती मोडली. पण चहाच्या जुन्या झाडांची लपवलेली राई मात्र तिनं लेकीच्याच हवाली केली. काय सोडायचं आणि काय जपायचं, याची निवड त्या घरात बायकांनी केली आहे.

जमातीचा अधिकृत हिशेब वेगळा असतो, हे खरं. आखांमध्ये बापाच्या नावाचा शेवटचा भाग मुलाच्या नावाच्या आरंभी येतो आणि अशी साखळी पन्नासहून अधिक पिढ्या मागे तोंडपाठ म्हणता येते. त्या साखळीत आया नाहीत. आपल्या शेजारच्या झाबुआचं बघ. भिलांचं पिठोरा हे चित्र घराच्या भिंतीवर काढायचं ते पुरुषानं. त्यातला घोडा बायकांना वर्ज्य. पिटोलच्या भूरीबाई भोपाळला भारत भवनाच्या बांधकामावर मजुरीला आल्या, चित्रकार जे. स्वामीनाथन यांनी त्यांच्या हाती कागद आणि रंग दिले, आणि त्यांनी तो घोडा वगळून झाडं, जनावरं, घरचा पसारा ठिपक्याठिपक्यांनी रंगवला. 2021मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. भिंत सोडून कागदावर आल्या म्हणून त्यांना भील नाही म्हणायची हिंमत कोण करेल?

तू म्हणशील, अशानं काहीही केलं तरी वारसाच. तसं नाही. भूरीबाईंच्या ठिपक्यांना मागे सारवलेल्या भिंतीची सवय आहे. लि-यानच्या हाताला चहा खुडण्या-परतण्याची. हात रिकामा असेल तर नुसतं नाव उरतं, आणि नाव तर सरकारही बदलतं: चीनमध्ये आखा हानींच्या खात्यात मोजले जातात, मध्य प्रदेशच्या अनुसूचित जमातींच्या यादीत भील, भिलाला, बारेला, पटेलिया एकाच ओळीत. तुझा दुसरा मुद्दा, की लेखिका बाहेरची, हा मला अर्धाच पटतो. तिनं कायद्याची क्रूरता झाकली नाही; आपल्याकडच्या कितीतरी लेखकांना रानातलं सगळंच निरागस दिसतं. मात्र पैशाच्या बाबतीत ती भोळी आहे. पुएर चहाचा भाव चढला, 2007मध्ये कोसळला, हे ती सांगते. पण जुन्या झाडाला भाव आला की झाडाखालच्या माणसाचं काय होतं, यावर ती फार रेंगाळत नाही. आपल्याला ते मांडूत दिसतं. खुरासानी इमली, म्हणजे तुमच्याकडची गोरखचिंच, रस्त्याकडेला विकणाऱ्या बायकांना चार पैसे मिळतात. पण जुनी झाडंच उपटून परराज्यात न्यायची वेळ आली तेव्हा गावकऱ्यांना विरोधाला उभं राहावं लागलं आणि प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं.

कादंबरीचा शेवट मात्र मलाही बेतलेला वाटतो. लि-यानची सोडून दिलेली लेक, कॅलिफोर्नियात दत्तक घरी वाढलेली हेली, ती चहाची वडी घेऊन आईच्या राईपर्यंत पोचते, आणि तिथेच पडदा. तिला ना आईची भाषा येत, ना चहा खुडता येत. वाढवणाऱ्या घराशीही तिची माया खरी आहे. हाताच्या माझ्या कसोटीवर खरी अवघड ठरते ती हीच मुलगी, आणि तिच्यापाशी येऊन लेखिकेनं पुस्तक मिटलं.

घरी सर्वांना नमस्कार.

तुझी,
विजू