डोईवरची टोपी

भांडुप व मुलुंड यांच्यामधील नाहूर येथें आमचें बिऱ्हाड आहे. गेल्या महिन्यांत तेथें एक लहानसा प्रसंग घडला. वयाच्या पन्नाशींत आमच्या वहिनी नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची बी. ए. ची परीक्षा उत्तीर्ण झाल्या. सर्वांचीं जेवणें उरकल्यावर स्वयंपाकघरांतील दिव्याखालीं बसून त्यांनीं तीन वर्षें अभ्यास केला होता. निकाल कळतांच त्यांचा मुलगा उद्गारला, "आई, हॅट्स ऑफ!"

आमच्या मातोश्रींनीं अर्थ विचारला. "आजी, म्हणजे मान देण्यासाठीं डोक्यावरची टोपी काढावयाची," असें त्यानें सांगतांच त्या चपापल्या. "अरे, शुभ वार्तेला उघडें डोकें कशाला?"

त्यांचें आश्चर्य अनाठायीं नव्हतें. युरोपांत वडीलधाऱ्यांपुढें, प्रार्थनामंदिरांत, किंवा स्त्रीस अभिवादन करतांना पुरुषानें टोपी काढणें हा शिष्टाचार होता. आपल्याकडे उलट, उघडें डोकें हें शोकाचें चिन्ह, आणि दुसऱ्याच्या पायांवर पागोटें ठेवणें ही शरणागतीची परिसीमा. 'टोपी उडविणें' म्हणजे थट्टा, 'टोपी घालणें' म्हणजे फसवणूक! गौरव करावयाचा तर 'शिरपेचांत मानाचा तुरा खोवला' असें आपण म्हणतों. दरबारांत पराक्रमी पुरुषास शिरपेच, तुरा व वस्त्रें देत, त्याचीच ही आठवण. 'शाबास' हा शब्द मूळचा फारशी. 'आनंदी राहा' हा त्याचा अर्थ. म्हणजे आपली स्तुति दुसऱ्याच्या डोक्यावर कांहीं चढविते. ही इंग्रजी स्तुति स्वतःच्या डोक्यावरचें उतरविते.

विचार करतां हा भेद मला मार्मिक वाटला. तुरा देणारा देऊनहि वरच राहतो. टोपी काढणारा मात्र क्षणभर खालीं येतो. आतां टोप्या गेल्या, शब्द तेवढा उरला, आणि म्हणून तो स्वस्त झाला. घरच्या माणसांचें तोंडावर कौतुक करण्यास संकोचणाऱ्या आम्हां मंडळींस तर तो फारच सोयीचा! मींहि वहिनींना तोच शब्द ऐकविला आणि नेहमींप्रमाणें त्यांनीं वाढलेल्या पानावर जाऊन बसलों.

मातोश्री त्या रात्रीं कांहींच बोलल्या नाहींत. दुसऱ्या दिवशीं पानें मांडतांना त्यांनीं वहिनींच्या हातांतील पळी काढून घेतली आणि म्हणाल्या, "सूनबाई, आज तूं आधीं बैस. मी वाढतें."

अठ्ठावीस वर्षांत असें प्रथमच घडत होतें. वहिनींचे डोळे भरून आले. त्या इंग्रजी शब्दाचा अर्थ मला त्या पंक्तींत कळला.