सुईची सुट्टी

टोकियोतल्या असाकुसा भागात सेन्सो-जी नावाचं जुनं बौद्ध मंदिर आहे. त्याच्या आवारात अवाशिमा-दो हे एक छोटं देऊळ आहे आणि दर वर्षी ८ फेब्रुवारीला तिथं टोफूची पांढरीशुभ्र लादी मांडून ठेवतात. किमोनो शिवणाऱ्या बायका, शिंपी, शिवणकाम शिकणाऱ्या मुली एकेक करून पुढे येतात. वर्षभरात मोडलेल्या, वाकलेल्या, गंजलेल्या सुया त्यांनी जपून ठेवलेल्या असतात. त्या टोफूत अलगद खोचतात, हात जोडतात आणि मागच्या बाईला जागा करून देतात. या दिवसाला हारी-कुयो म्हणतात. सुयांचं श्राद्धच ते. क्योतोकडे हाच विधी बहुधा ८ डिसेंबरला होतो. कुठं टोफूऐवजी कोन्याकू घेतात; आपल्या सुरणाच्याच जातकुळीतल्या एका कंदापासून केलेली ती थलथलीत वडी असते. सुई आयुष्यभर जाड, चिवट कापडातून वाट काढत राहिली, आता शेवटी तिला मऊ जागा मिळावी, एवढाच त्यामागचा भाव. बाईनं कुणाला न सांगितलेली दुःखं शिवता शिवता सुईला कळलेली असतात आणि ती सुईबरोबर देवाकडे जातात, असंही तिथं मानतात. आणि मला सगळ्यात मोलाची वाटते ती गोष्ट अशी, की रिवाजाप्रमाणे त्या दिवशी शिवणकाम करायचं नसतं.

जगाच्या कॅलेंडरात चमत्कारिक वाटणारे दिवस पुष्कळ आहेत. १४ मार्चला गणितातल्या ‘पाय’चा दिवस साजरा होतो. सॅन फ्रान्सिस्कोच्या एक्स्प्लोरेटोरियम या विज्ञान संग्रहालयात लॅरी शॉ या भौतिकशास्त्रज्ञानं तो १९८८ मध्ये सुरू केला. १९ सप्टेंबरला दोन अमेरिकन मित्रांच्या कल्पनेतून निघालेला, समुद्री चाच्यांसारखं बोलण्याचा दिवस असतो. मुलांना अशा दिवसांनी आनंद होतो आणि तो खरा आनंद आहे. पण असे दिवस शोधून वाचण्याचा मला नाद लागला तेव्हा हळूहळू लक्षात आलं, की आपलं मन एका वेगळ्याच जातीच्या दिवसांपाशी रेंगाळतं. ज्याला सुट्टी मागता येत नाही त्याला सुट्टी देणारे दिवस. सुईला, बैलाला, विळीला, जमिनीला.

माझी मावशी अकोल्याला घरीच ब्लाउज शिवायची. समोरच्या खोलीत खिडकीला लावलेलं पायमशीन, खाली चिंध्यांचं गाठोडं, भिंतीला टेकून उभी पट्टी. खंडेनवमीला ती मशीनचा एकेक भाग पुसून त्याला तेल द्यायची, बॉबिनच्या डबीतला वर्षभराचा सुताचा भुगा काढायची, चाकाला झेंडूची माळ घालायची. कात्री, टेप, पट्टी पाटावर मांडून हळदकुंकू वाहायची. त्यानंतर दसऱ्याची पूजा होईपर्यंत मशीनला कुणी हात लावायचा नाही. एका वर्षी गल्लीतली एक बाई घायकुतीला येऊन दाराशी उभी राहिली. दुसऱ्या दिवशी तिच्याकडे कार्य होतं आणि ब्लाउजला फक्त हुक लावायचे राहिले होते. मावशीनं तिला आत बोलावलं, पाणी दिलं आणि सांगितलं, “उद्या सकाळी अंघोळ झाली की पहिले तुझंच हातात घेईन, पण आज नाही.” बाई रुसली. मावशीची त्या दिवसाची मिळकत बुडाली होती, वर गिऱ्हाईक नाराज झालं होतं, आणि तरीही ती शांत होती. सकाळी तिनं शब्द पाळला. अवाशिमा-दोबद्दल वाचताना मला मावशीची ती माळ घातलेली मशीन दिसली. तिची आणि टोफूत सुई खोचणाऱ्या एखाद्या बाईची गाठ पडती तर एकमेकींची भाषा येत नसतानाही त्यांचं जमलं असतं, याबद्दल मला शंका नाही.

आपल्याकडे या प्रकारचे दिवस इतके आहेत, की ते चमत्कारिक वाटायचेच थांबलेत. आषाढी अमावास्येला घरातले सगळे दिवे, समया, निरांजनं घासूनपुसून पाटावर मांडतात. वर्षभर ज्यांच्या उजेडात देव पाहिला, त्या दिव्यांनाच त्या दिवशी ओवाळतात. नागपंचमीला चिरायचं नाही, कापायचं नाही, तळायचं नाही, चुलीवर तवा ठेवायचा नाही, शेतात नांगर चालवायचा नाही. म्हणून त्या दिवशी पुरणाचे दिंड उकडतात, कोकणात हळदीच्या पानातल्या पातोळ्या. सण नागाचा असला तरी विळीला, तव्याला आणि नांगराला एका दिवसाची उसंत मिळते. लहानपणी मला वाटायचं, जमिनीतल्या नागाला फाळ लागू नये म्हणून ही काळजी. आता वाटतं, वर्षातून एकदा धारेची प्रत्येक वस्तू खाली ठेवून बघायला लावणारा हा सण ज्यांना सुचला, त्यांना धार म्हणजे काय ते नीट माहीत होतं.

नेपाळात हीच वृत्ती तिहारच्या पाच दिवसांत पसरलेली दिसते. पहिला दिवस कावळ्याचा, दुसरा कुत्र्याचा, मग गाय, मग बैल आणि शेवटी भाऊ. आपल्याकडे ज्या सुमारास नरकचतुर्दशीचं अभ्यंगस्नान चाललेलं असतं, त्याच सुमारास काठमांडूत कुत्र्यांच्या गळ्यात झेंडूच्या माळा आणि कपाळावर लाल टिळा असतो. पाळलेल्याच नाही, रस्त्यावरच्या कुत्र्यांनाही. नेपाळ पोलिसांच्या श्वानपथकातल्या कुत्र्यांचाही त्या दिवशी सन्मान होतो. एरवी दगड खाणाऱ्या जिवाला एक दिवस गोडाधोडाचं पान वाढलं जातं.

आता पोळा. श्रावण अमावास्येच्या आदल्या दिवशी खांदेमळणी असते. वर्षभर जू वाहून बैलाच्या मानेवर घट्टा पडलेला असतो, तिथं हळद आणि लोणी किंवा तूप चोळून खांदा शेकतात. उद्या जेवायला या, असं त्याला रीतसर आवतण देतात. दुसऱ्या दिवशी नदीवर अंघोळ, शिंगांना रंग आणि बेगड, पाठीवर झूल, नवी वेसण, नवा कासरा, गळ्यात घुंगरमाळ. संध्याकाळी तोरणाखाली जोड्या उभ्या राहतात, झडत्या म्हटल्या जातात, मानाची जोडी पुढे निघते आणि घरी आल्यावर बैलाच्या तोंडात पुरणपोळीचा घास जातो. त्या दिवशी त्याच्या खांद्यावर काही ठेवायचं नाही आणि त्याच्यावर चाबूक उगारायचा नाही. खांदेमळणीत मला सगळ्यात जास्त माणुसकी दिसते. तिच्यात बैलाला देव करण्याआधी त्याचं दुखणं कुठं आहे ते माणूस हातानं चाचपून पाहतो.

माझ्या आजोळी आता तोरणाखाली मोजक्याच जोड्या येतात. बऱ्याच घरांत मातीच्या बैलांची पूजा होते, काही जण ट्रॅक्टर धुऊन त्याला हार घालतात. त्यावर हळहळणारे खूप भेटतात. मला ट्रॅक्टरचा हार खटकत नाही, कारण जे राबतं त्याला मान द्यायचा हा रिवाज त्यात टिकून आहे. काळजी वाटते ती वेगळ्या कारणानं. पोळा, खंडेनवमी, दिव्याची अमावास्या हे दिवस ज्यांचे, ते रोज माणसाच्या हाताखाली होते तेव्हा हे दिवस ठरले. आजचे दिन आपण ठरवतो ते एखादी गोष्ट हातातून जायला लागल्यावर. २० मार्चचा जागतिक चिमणी दिन २०१० पासून साजरा होतो, त्यामागे नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांची नेचर फॉरएव्हर सोसायटी आहे. एका मराठी शहरातून निघालेला हा दिवस अनेक देशांत पोचला याचा मला मनापासून अभिमान आहे. त्या दिवशी शाळेतली मुलं लाकडी घरटी टांगतात, पाण्याची भांडी ठेवतात. पण चिमण्या वळचणीला होत्या, सुपातले दाणे टिपत होत्या, तेव्हा त्यांच्या वाट्याला असा दिवस आला नव्हता. चिमणीला दिवस मिळाला तो उशिराच.

या सगळ्यांत माझ्या मते सर्वांत धाडसी सण ओडिशातला आहे. त्याचं नाव रज. तो मिथुन संक्रांतीच्या सुमारास, जूनच्या मध्यावर येतो. त्या तीन दिवसांत पृथ्वी रजस्वला असते असं मानतात. म्हणून नांगरायचं नाही, खणायचं नाही, पेरायचं नाही. जमिनीवर अनवाणी पाय ठेवायचा नाही, अशीही रीत आहे. चौथ्या दिवशी वसुमती स्नान. घरातला वाटण्याचा पाटा हीच पृथ्वी समजून त्याला हळद लावून अंघोळ घालतात आणि मग शेतीची कामं सुरू होतात.

ही वेळ कोणती, ते शेतकऱ्याला विचारावं. मृगाचा पाऊस तोंडावर आलेला असतो किंवा नुकताच पडून गेलेला असतो, माती मऊ झालेली असते, वाफसा गेला तर पेरणी हुकेल या धास्तीनं माणसं आभाळाकडे बघत असतात. नेमक्या त्या घाईच्या काळात एक अख्खा प्रदेश हात आवरतो. पोळा येतो तेव्हा पेरण्या कधीच उरकलेल्या असतात आणि बैलाचं काम तसंही हलकं झालेलं असतं. जपानातल्या हारी-कुयोच्या त्या दोन तारखाही जुन्या पंचांगात काम आवरण्याच्या आणि पुन्हा सुरू करण्याच्या मानल्या जात. रज मात्र कामाच्या ऐन मध्यावर येतो. ज्या विश्रांतीत आपलं काहीतरी बुडण्याची शक्यता असते, ती विश्रांती मला खरी वाटते. मावशीच्या त्या नाकारलेल्या ब्लाउजसारखी.

रजचा आणखी एक विशेष आहे. त्या दिवसांत बायकांनाही कामातून मोकळीक असते. आदला दिवस ‘सजबज’ म्हणजे तयारीचा. त्या दिवशी घर झाडूनपुसून, वाटण-कांडण आटोपून ठेवतात. पोड पिठा हा मंद विस्तवावर भाजलेला तांदूळ, गूळ आणि खोबऱ्याचा जाडसर प्रकार दोन-तीन दिवस टिकतो. मग मुली आणि बायका नवी वस्त्रं नेसून, पायाला अळता लावून झाडाला बांधलेल्या झोपाळ्यांवर बसतात, विडा खातात, गाणी म्हणतात, पत्ते खेळतात. मासिक पाळीला विटाळ ठरवून बाईला कोपऱ्यात बसवणारी रीत ओडिशातही आहे, महाराष्ट्रातही आहे. पण ओडिशात त्याच पाळीचा एक सणही आहे, आणि त्यात पृथ्वीचं आणि बाईचं शरीर एकच मानून दोघींना उसंत दिली आहे. आसामात कामाख्येच्या देवळाचे दरवाजे आंबुबाचीला तीन दिवस बंद असतात, तेही याच समजुतीनं.

आपल्या पोळ्याकडे या नजरेनं पाहिलं की एक गोष्ट टोचते. बैलाला सुट्टी असते, गड्याला नवं धोतर किंवा शर्ट-टोपी मिळते, आणि घरातली बाई पहाटेपासून डाळ शिजवून पुरण वाटत असते. आपल्या बहुतेक सणांचं असंच आहे. वस्तूंना आणि जनावरांना विश्रांती द्यायला आपण शिकलो, पण ती विश्रांती साजरी करण्याचं ओझं ज्या हातांवर पडतं त्यांचा हिशोब राहून गेला. आजीच्या पिढीत मी कुणाला तक्रार करताना ऐकलं नाही, पण तक्रार नव्हती म्हणजे थकवा नव्हता असं मी मानत नाही.

आणि मग मला ऊसतोड आठवते. दसरा झाला की बीडसारख्या जिल्ह्यांतून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या निघायला लागतात आणि गाळपाचा हंगाम संपेपर्यंत, म्हणजे उन्हाळा लागेपर्यंत, माणसं फडावर असतात. निघण्याआधी खंडेनवमीला कोयत्याची पूजा झालेली असते. या धंद्यात नवरा-बायकोची जोडी ‘एक कोयता’ म्हणून मोजतात आणि उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, त्या जोडीला मिळते. दोघांतलं एक जण आजारी पडलं, बाईला पाळीच्या दिवसांत उभं राहवलं नाही, तर खाडा धरतात आणि त्याचा दंड उचलीत चढतो. पाळीमुळे, त्यातल्या त्रासामुळे पडणारे खाडे टाळायला अनेक बायकांनी तरुण वयातच गर्भाशय काढून टाकल्याच्या बातम्या २०१९ मध्ये आल्या होत्या, बीड जिल्ह्यात त्याची सरकारी चौकशीही झाली. ओडिशात जमिनीला ज्या कारणासाठी तीन दिवस सुट्टी मिळते, त्याच कारणासाठी आमच्या फडावरच्या बाईला दंड होतो. हे वाचल्यापासून मला खंडेनवमीचं कौतुक पूर्वीइतकं मोकळेपणानं करता येत नाही.

ऊसतोडीच्या ऐन हंगामात संक्रांत येते. त्या दिवशी महाराष्ट्रातल्या घराघरांत सुगडं पुजतात आणि त्यात हरभरा, बोरं, गाजर, गव्हाची ओंबी यांच्याबरोबर उसाचं कांडं असतंच. तिळगुळातला गूळही उसाचाच. त्या दिवशी फडावर कोयता चालू नये आणि कुणाचा खाडा धरला जाऊ नये. त्यासाठी नवा सण शोधायला नको, पंचांगातली तिथीही बदलायला नको. मुकादम आणि साखर कारखान्यांनी हंगामाच्या करारात एक ओळ घालायची आहे.