पुढील तारीख

उजव्या डोळ्यातील मोतीबिंदू अद्याप पिकलेला नाही, सबब सहा महिन्यांनी यावे, असे डॉक्टरांनी फर्माविल्यावर उरलेल्या डोळ्याच्या भांडवलावर मी जो जाडजूड ग्रंथ वाचावयास घेतला, तो म्हणजे वासिली ग्रॉसमनच्या ‘जीवन आणि नियती’ या रशियन कादंबरीचे इंग्रजी भाषांतर.

महसूल खात्यात हयात गेल्यामुळे जप्तीच्या याद्या मी पुष्कळ केल्या आहेत; परंतु फेब्रुवारी १९६१ मध्ये सोव्हिएत गुप्त पोलिसांनी या कादंबरीच्या हस्तलिखितांबरोबर टंकयंत्राच्या फिती आणि कार्बनचे कागदही मुद्देमालात जमा केले, हे वाचून त्या काटेकोरपणाची मला दहशतच बसली.

स्टालिनग्राडच्या रणधुमाळीची प्रकरणे मी भराभर उलटली (रशियन नावांच्या जंजाळात कोण कोणाचा मेहुणा, याचा उलगडा मला अखेरपर्यंत झाला नाही). थबकलो तो आना सेम्योनोव्हना या वृद्ध नेत्रवैद्य स्त्रीने, जर्मनांनी कोंडलेल्या ज्यू वस्तीतून, मुलाला लिहिलेल्या अखेरच्या पत्रापाशी. गावाबाहेर खंदक खणले जात आहेत आणि ते कशासाठी, हे ती जाणून आहे. तरीही ती घरोघर रोगी तपासते, औषधाने डोळे नियमित धुवा म्हणजे दोन-तीन आठवड्यांत आराम पडेल असे बजावते, एका मुलाला फ्रेंच शिकविते आणि त्याच्या सदोष उच्चारांनी कष्टीही होते. एका म्हाताऱ्याचा मोतीबिंदू तर सहा महिन्यांनी, कदाचित वर्षाने काढता येईल, असा तिचा अंदाज आहे. तीच मुदत मला मिळाली होती आणि मी तिच्याबद्दल कुरकुरत होतो. आना सेम्योनोव्हनाच्या या वागण्याला आत्मवंचना म्हणावे, तर त्याच पत्रात ती मुलाचा कायमचा निरोप घेते. शौर्य म्हणावे, तर आविर्भाव कोठेच नाही. रोग्याला पुढील तारीख द्यावयाची असते, म्हणून ती देते.

या पत्राला ताइताचे सामर्थ्य न देण्यात मला ग्रॉसमनचा प्रामाणिकपणा दिसतो. ते ज्याच्या हाती पडले, तो पुत्र, पदार्थविज्ञानवेत्ता श्त्रूम, पुढे सरकारी दडपणापुढे नमून एका लांछनास्पद निवेदनावर सही करतोच.

ग्रॉसमनची स्वतःची आई सप्टेंबर १९४१ मध्ये बेर्दिचेव्हच्या कत्तलीत मारली गेली होती. तिला त्याने १९५० मध्ये आणि पुन्हा १९६१ मध्ये पत्रे लिहिली. आपल्यामागे ती, तिलाच अर्पण केलेल्या या पुस्तकात जगेल, असे दुसऱ्या पत्रात कळविले. पुस्तक तेव्हा सरकारजमा होते. १९६४ मध्ये तो वारला. मित्रांनी दडवून ठेवलेल्या प्रतींवरून ते लोझान येथे छापून निघावयास १९८० साल उजाडले.