परतीचं पत्र

वाङ्मयीन मासिकाची ओळख मला वडिलांच्या कपाटानं करून दिली. ‘सत्यकथे’चे बांधून घेतलेले अंक तिथे वर्षवारीनं लावलेले असत. गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले हे कथाकार मी त्यांतच वाचले. १९८२ साली ‘सत्यकथा’ बंद झाली, तेव्हा वडील घरातलं माणूस गेल्यासारखे हळहळले.

पुढे मी कथा लिहू लागले. एका मासिकाकडे पाठवलेली पहिलीच कथा परत आली. सोबत संपादकांचं सविस्तर पत्र होतं. कुठे पात्राऐवजी मीच बोलते आहे, शेवट आधीच कसा होऊन गेला आहे, सगळं नेमकं दाखवलेलं. त्या पत्रानं मला लिहायला शिकवलं. ‘सत्यकथे’च्या खटाववाडीतल्या कचेरीत श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन या संपादकांनी अशाच कष्टानं लेखक घडवले होते.

काही वर्षांनी त्याच मासिकात मी संपादन साहाय्यक झाले आणि त्याची उतरण जवळून पाहिली. ‘बाबा गेले, आता अंक पाठवू नका,’ अशी पोस्टकार्डं येऊ लागली. कागद महागला, टपाल महागलं. १९०९ साली ‘मनोरंजन’ मासिकानं पाडलेल्या प्रथेतल्या दिवाळी अंकाच्या ज्या जाहिरातींवर आमचं वर्ष निभावत असे, त्याही आटल्या.

पण पैशाआधी आमचं वाचन आटलं होतं. परतीची पत्रं आधी छापील झाली, मग थांबलीच. नाव असलेल्यांकडून मजकूर मागवायचा आणि आला तसा लावायचा. नवोदितांची पाकिटं मात्र तशीच पडून. अशा वेळी ‘सत्यकथा’ आठवे. १९६९ मध्ये अनियतकालिकं काढणाऱ्या बंडखोर तरुणांनी तिच्या अंकाची होळी केली. त्या मासिकाच्या चौकटीत आपलं जगणं मावत नाही, हा त्यांचा राग खरा होता; पण जाळावा इतका तो अंक त्यांच्या लेखी मोठा होता. आमच्यावर शेवटी कुणी रागावतही नव्हतं.

आज लिहिणाऱ्याला छापून येण्यासाठी कुणाच्या दारी थांबावं लागत नाही, हे चांगलंच झालं. तरी आपलं लिखाण एखाद्या परक्या माणसानं ओळ न् ओळ वाचावं, ही त्याची गरज संपलेली नाही. म्हणून माझ्याकडे आलेली प्रत्येक कथा मी पूर्ण वाचते, आणि जमली नसेल तर का जमली नाही ते लिहून कळवते. मासिक काढण्याचं बळ आता माझ्यात नाही. त्याचं मुख्य काम मात्र एकट्या माणसालाही करता येतं, आणि ते करत राहायला हवं.